रिपोर्टवर नुसतं आर, आर, आर
ड्युटी संपली तरी डोक्यातून आयसीयू जात नाहीये आज. सकाळी राऊंडला एका पेशंटचा कल्चर रिपोर्ट (कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध चालतं त्याची तपासणी) आला, क्लेब्सिएला नावाचा जंतू, आणि अँटिबायोटिकच्या यादीसमोर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर म्हणजे सगळ्याला रेझिस्टंट (औषध लागूच पडत नाही), कोलिस्टिन तेवढं उरलेलं आणि ते किडनीला किती जड जातं हे आम्हाला चांगलंच माहितीये. लगेच पेशंटला आयसोलेशनमध्ये हलवलं, स्टेथो, बीपीचा कफ सगळं वेगळं.

पण खरी गोची ग्लोव्ह्जची आहे. ग्लोव्ह्ज घातले की हात स्वच्छच असं सगळ्यांना वाटतं, डॉक्टरांनासुद्धा (हो, बोलले मी!), मग त्याच ग्लोव्ह्जने पेशंटला हात, व्हेंटिलेटरचं बटण, मॉनिटर, फाईल, आणि असिनेटोबॅक्टरसारखा जंतू तर कोरड्या बेडरेलवर पण कित्येक दिवस जिवंत राहतो. हँडरब नीट चोळायला 20-30 सेकंद लागतात, तेवढापण धीर नसतो.

अमेरिकेतला 2013 चा एक मोठा अभ्यास आहे, आयसीयूतल्या सगळ्याच पेशंटना रोज क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसलं आणि नाकात काही दिवस मुपिरोसिनचं अँटिबायोटिक मलम लावलं, तर रक्तातली इन्फेक्शन्स 44 टक्क्यांनी कमी झाली. स्पंजिंगला हलकं काम समजणाऱ्यांनी वाचा जरा.

दुपारी शेजारच्या बेडवरच्या आजोबांचा युरिन कॅथेटर (लघवीची नळी, इन्फेक्शनचा आणखी एक रस्ता) काढला, गरज कधीच संपली होती पण कुणी विचारलंच नव्हतं. आता हा प्रश्न रोजच्या राऊंड शीटवरच छापून घ्या असं इन्चार्ज सिस्टरना सांगितलंय, बघू कधी होतंय.