तेरा पॉइंटची लीड आणि शेवटी पाचवा नंबर

२०२३ ची ब्राझीलची लीग कोणी जिंकली असं विचारलं तर नियमित फुटबॉल बघणारी मंडळी पण दोन सेकंद थांबतात. पाल्मेइरासने जिंकली. पण बोटाफोगोने ती कशी घालवली हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि मला आजही तो सीझन आठवला की पोटात कसंतरी होतं, खरं तर मी बोटाफोगोचा फॅन वगैरे पण नव्हतो, त्या वर्षी बघता बघता झालो आणि नेमका तेव्हाच झालो.

अर्धा सीझन संपला तेव्हा रिओची ही टीम १९ मॅचमध्ये ४७ पॉइंट घेऊन बसली होती, दुसऱ्या नंबरच्या १३ पॉइंट पुढे. १९९५ नंतर एकदाही लीग न जिंकलेला क्लब. पेलेसोबत खेळलेल्या गरिंचाचा क्लब. ब्राझीलच्या लीगमध्ये २००३ पासून प्लेऑफ नाहीत, ३८ मॅच खेळायच्या आणि ज्याचे पॉइंट जास्त तो चॅम्पियन, त्यामुळे ऑगस्टमध्येच लोक म्हणत होते की झालं, संपलं.

आता सगळे १ नोव्हेंबरच्या मॅचबद्दल बोलतात आणि बोलणारच, मॅचच तशी होती. समोर पाल्मेइरास, हाफटाइमला बोटाफोगो ३-० ने पुढे. मी खुर्चीत मागे रेलून बसलो होतो. मग पाल्मेइरासच्या एन्ड्रिकने, वय वर्षं १७, पार डिफेन्सला चिरत एक गोल मारला, ठीक आहे म्हटलं, ३-१. मग अ‍ॅड्रिएल्सनला रेड कार्ड, बोटाफोगोचे दहाच जण उरले. मग बोटाफोगोला पेनल्टी मिळाली, हा गोल झाला असता तर विषयच संपला असता, आणि चिकिन्यो सोआरेस, ज्याने वर्षभर टीम खांद्यावर वाहिली, त्याची पेनल्टी पाल्मेइरासचा गोलकीपर वेव्हर्टनने अडवली. लगेच एन्ड्रिकचा दुसरा. मग ३-३. आणि इंज्युरी टाइमच्या नवव्या मिनिटाला पाल्मेइरासच्या मुरिलोचा गोल. ३-४! क्लबचा अमेरिकन मालक जॉन टेक्स्टर मैदानात येऊन भ्रष्टाचार भ्रष्टाचार म्हणून ओरडत होता आणि ब्राझीलच्या फुटबॉल फेडरेशनच्या अध्यक्षाचा राजीनामा मागत होता. मला त्याची कीव पण आली आणि हसू पण.

पण माझं मत विचाराल तर त्या रात्री काही बिघडलं नाही, बिघडलेलं होतं ते फक्त दिसलं. जूनच्या शेवटी कोच लुईस कास्त्रो टीम पहिल्या नंबरवर असताना सौदीच्या अल नस्रला निघून गेला. मग कासापा आला तात्पुरता, त्याने उलट छान सांभाळलं, तर त्याला बाजूला करून ब्रुनो लाज आणला, मग त्याला काढून लुसियो फ्लावियो, मग तियागो नुनेस. एका सीझनमध्ये पाच कोच! चाललेल्या गाडीचा ड्रायव्हर इतक्या वेळा बदलल्यावर ती खड्ड्यात नाही जाणार तर कुठे जाणार.

आणि मग भीती. पुढच्याच आठवड्यात ग्रेमियोविरुद्ध ३-१ ने पुढे, आणि ग्रेमियोचा लुईस सुआरेझ, दुखऱ्या गुडघ्याचा, ३६ वर्षांचा, सेकंड हाफमध्ये हॅटट्रिक मारून जातो, परत ३-४. ती मॅच स्वतःच्या मैदानावर पण नव्हती कारण तिथे पॉप कॉन्सर्ट होती, बोला. कोरितिबाविरुद्ध तर इंज्युरी टाइममध्ये लीड घेतली आणि सेलिब्रेशन संपतंय तोवर गोल खाल्ला. शेवटच्या ११ मॅचमध्ये एकही विजय नाही. प्लेअर्स लीड मिळाली की खूश व्हायच्या ऐवजी घाबरायचे, हे टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं. ब्राझीलमध्ये जुनी म्हण आहे, काही गोष्टी फक्त बोटाफोगोच्याच बाबतीत होतात. सपोर्टर्स ती स्वतःच म्हणतात, त्याला कोण काय करणार.

शेवटी पाल्मेइरास ७०, बोटाफोगो ६४, पाचवे. पाल्मेइरासचा कोच आबेल फेरेरा, त्याच्या टीमला क्रेडिट द्यायलाच हवं, ते शांतपणे पॉइंट गोळा करत राहिले, पण त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही.

त्यापेक्षा सान्तोस, पेलेचा क्लब. पेले जाऊन वर्ष पण झालं नव्हतं. ६ डिसेंबर, शेवटचा दिवस, घरच्या व्हिला बेल्मिरो मैदानावर फोर्तालेझाकडून १-२ हरले आणि १११ वर्षांत पहिल्यांदा रेलिगेट झाले, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये गेले. स्टेडियमबाहेर गाड्या जळत होत्या. पेले आणि गरिंचा दोघं एकत्र खेळले तेव्हा ब्राझील एकदाही हरलं नाही असं सांगतात, आणि दोघांचे क्लब एकाच सीझनमध्ये असे पडले.

पुढच्या वर्षी बोटाफोगोने लीग आणि लिबर्टाडोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) दोन्ही जिंकल्या, सान्तोस पण खालून परत वर आले. आणि पेनल्टी घालवणारा चिकिन्यो २०२५ च्या जानेवारीत कुठे गेला माहितीये? सान्तोसला.