नाही, मी जड काही उचललं नव्हतं

पपई खाल्ली नव्हती. एसटीनं हिंडले नव्हते. नणंदेच्या लग्नात नाचले असं कुणी सांगितलं असेल तर तेही खोटं, मी खुर्चीत बसून होते. मुलगी बत्तिसाव्या आठवड्यातच कशी झाली, हे हळदीकुंकवापासून बँकेच्या रांगेपर्यंत कुठंही विचारलं जातं, म्हणून एकदाच लिहिते.

मे महिना, विट्याचं घर, वर पत्रा. दुपारी लाईट गेलेली. पोट राहून राहून आवळत होतं. सासूबाई म्हणाल्या, ‘उन्हानं होतंय, सरबत घे.’ संध्याकाळी अंगावरून पाणी गेलं तेव्हा १०८ बोलावली. सांगलीपर्यंत मी आठवडेच मोजत होते. दवाखान्यात बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं. त्याचा पूर्ण गुण यायला एक दिवस तरी लागतो, आणि मुलगी थांबली नाही. दीड किलोसुद्धा नव्हती. मला तिची पाठ तेवढी दिसली, मग काचेच्या पेटीत ठेवायला नेली. वॉर्डातल्या एक आजी धीर द्यायला म्हणाल्या, ‘सातव्यातलं जगतंय गं, आठव्यातलं नाही.’ बत्तीस आठवडे म्हणजे आठवा. मी भिंतीकडं तोंड केलं. (हे सगळं थोतांड आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळाला बरं. पण रात्री दोन वाजता हे कुणाला सुचतं?)

शेजारच्या खाटेवर तासगावकडची बाई होती. नववा लागेपर्यंत द्राक्षबागेत कामाला जात होती. दिवस भरून, तीन किलोचा मुलगा. ऊन तिलाही तेवढंच होतं.

तरी बरीच वर्षं मी ‘उन्हानं झाली’ एवढंच सांगायचे. आधारही होता. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २७ देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला: तापमान एक अंशानं वाढलं की वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. हे मी लोकांच्या तोंडावर फेकायचे. मग हिशेब केला. शंभरात दहा बायका लवकर बाळंत होत असतील, तर त्या साडेदहा होतात. ती अर्धी बाई मीच, हे कुणी ठरवलं?

शिवाय लंडनमध्ये वेळेआधीची मुलं हिवाळ्यात जास्त आढळली. आफ्रिकेतल्या गांबियाच्या खेड्यांत जुलैत, म्हणजे शेतीची कामं अंगावर येतात तेव्हा, आणि पुन्हा ऑक्टोबरात, मलेरियाच्या दिवसांत. मग आमच्या मे महिन्याचं काय धरायचं? ऊन, लग्नसराई, की पाणी भरणं?

आणि तरी ऊन मला सोडवत नाही. ते नाही म्हटलं की बोट परत माझ्याकडंच वळतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

परवा गल्लीतली एक पोटुशी विचारत होती, तिची तारीख जूनमधली. म्हटलं, दुपारी बाहेर पडू नको, पाणी पी, पोट आवळलं तर वाट न बघता गाडी बोलाव.

‘मग काकू, तुम्ही पाणी पीत नव्हता का?’

पीत होते.