खंबाटकीच्या चढावर धूर कोणत्या रंगाचा?

जुन्या टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) डिझेलचा धूर उभ्या गाडीत नीट कळत नाही, चढावर लोड आला की खरं दिसतं. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. लगेच डिझेलचा पंप उतरवायची घाई नको (तो खर्च बहुतेकदा फुकट जातो). आधी एअर फिल्टर झटका, मग टर्बो ते इंटरकूलर (ही हवा थंड करणारी जाळी) हा रबरी होज खालून चाचपा. चीर बहुधा क्लॅम्पच्या कडेला, खालच्या अंगाला असते. तिथं तेलकट काळा डाग आणि चढावर फुस्स आवाज असेल, तर चोर सापडला. होज ठीक असेल तरच ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इंजेक्टरकडे (डिझेल फवारणारा नोझल) वळा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन थंड झाल्यावर टर्बोचा इनलेट होज काढून शाफ्ट (पंख्याचा दांडा) हलवा: आडवा किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर खेळ जाणवला तर टर्बो गेला. नवा बसवण्याआधी ऑइल परतीचा पाइप साफ करा, नाहीतर तोही गळेल.

थंडीत सकाळी पांढरा, डिझेलच्या वासाचा धूर? ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आत उष्णता देणारा) मल्टीमीटरनं तपासा, साधारण 1 ओहम यायला हवा. गरम झाल्यावरही पांढरा आणि कूलंट घटतंय, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं.