सकाळचे सहा आवाज

कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या कानावर मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, असलं की मूल ऐकतंय, असं घरात सगळेच धरून चालतात. पण सेल संपला तरी तीन वर्षांचं पोर ते सांगत नाही, गुपचूप खेळत बसतं. त्यामुळे सकाळी, शाळेची गाडी यायच्या आधी, सहा आवाजांची चाचणी घ्यायचीच. डॅनियल लिंग यांनी बसवलेली ही पद्धत आहे: म, ऊ, आ, ई, श, स. जाड आवाजापासून अगदी बारीक आवाजापर्यंत बोलण्यातली सगळी पट्टी या सहांत येते.

मुलाच्या बाजूला किंवा थोडं मागे बसा. तोंडावर हात धरू नका, त्याने स आणि श दबतात. एका वेळी एकच कान तपासा. आधी हातभर अंतरावरून, जमलं की तीन मीटरवरून. आवाज रोजच्या बोलण्याइतकाच ठेवा. ऐकू आलं की मुलाने डब्यात मणी टाकायचा. मोठं मूल आवाज उलट म्हणून दाखवेल. क्रम रोज बदला आणि मध्ये कधी दोन सेकंद, कधी सात सेकंद गप्प राहा. ठेका सारखा पडला की मुलं न ऐकताच मणी टाकतात, भारी हुशार असतात.

मराठी घरांत एक चूक हमखास होते. आपल्या अक्षरात 'अ' दडलेला असतो, म्हणून आपण 'स' म्हणतो तेव्हा मूल तो 'अ' ऐकून मणी टाकतं आणि आपण खूश. नुसतं 'स्स्स' म्हणा, सायकलच्या चाकातली हवा सोडल्यासारखं. 'म'सुद्धा ओठ मिटून, 'म्म्म'.

आता चुका वाचायच्या. ई आणि ऊ यांचा खालचा, जाड भाग साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो (आवाज जाड की बारीक ते हर्ट्झमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका आवाज बारीक). ई वेगळी कळायला २००० हर्ट्झच्या वरचं ऐकू यावं लागतं. ते येत नसेल तर 'ती' आणि 'तू' एकच वाटतात, आणि मग मूल दुर्लक्ष करतं म्हणून ओरडा खातं. फक्त स-श गेले तर मशीनमधून कानात जाणारी नळी किंवा मायक्रोफोनचं भोक तपासा. म-ऊ गेले तर मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साच्याचा तुकडा, सैल झाला असेल, मशीनमधून शिट्टीही वाजत असेल; लहान मुलांचा कान वाढतो, दर काही महिन्यांनी नवा मोल्ड लागतोच. सगळेच आवाज क्षीण वाटले तर आधी सेल बदला. स्टिकर काढून सेल मिनिटभर उघडा ठेवा आणि मग बसवा, तो हवेवर चालतो. जुने सेल मुलाच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर तडक हॉस्पिटल गाठा.

मुंबईच्या पावसाळ्यात निम्मा त्रास नळीतल्या थेंबाचा. मोल्ड मशीनपासून सोडवून रबरी फुग्याने हवा मारा. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, पीठ मायक्रोफोनमध्ये जातं. रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ते परत सुकवायचे.

हे सगळं करूनही दोन दिवस तोच आवाज हुकत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे जा. सर्दी झाली असेल तर आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा, पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या श्रवणदोषावरच्या राष्ट्रीय संस्थेत किंवा कुठेही दाखवायला गेलात तरी कोणता आवाज कोणत्या कानाला किती अंतरावरून हुकला, हे लिहून ठेवलेली वही सोबत न्या. 'नीट ऐकत नाही' एवढ्यावरून मशीनचं सेटिंग बदलता येत नाही.

बोलणं शिकवतानाही आधी कान, मग ओठ. पार, बार, भार, मार हे चारही शब्द ओठांवर सारखेच दिसतात, आरशासमोर म्हणून पाहा. म्हणून शब्द आधी बाजूने ऐकवा, कळला नाही तर समोरून दाखवा, आणि लगेच पुन्हा बाजूने ऐकवा. अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, तेव्हा स्वयंपाकघरातून हाका मारण्यापेक्षा चार पावलं चालून जवळ या. पंखा, मिक्सर, टीव्ही तेवढा वेळ बंद. घर रुळांलगत असेल तर लोकल जाईपर्यंत थांबा आणि मगच पुढचा शब्द घ्या.