पाडेल्याचा गुडघा

गणपतीची चवथ तोंडावर आली की फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात पडलेल्यांची रीघ लागते. कुणी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना शिडीवरून, कुणी शेवाळलेल्या अंगणात. त्या गर्दीत तिशीतला एक पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, बायकोच्या खांद्याचा आधार घेत आत आला. उजवा गुडघा टम्म फुगलेला, डावा घोटा सुजलेला.

“माडावरून पडलास?”

“नाही डॉक्टर. दोन महिने चढलोच नाही.”

गुडघा मात्र जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी धरला होता. मग त्याआधी चढणं का सोडलं? ऐन चवथीच्या हंगामात पाडेली घरी बसत नाही. तो जमिनीकडे बघत राहिला. शेवटी बायकोच बोलली, “ह्यांना अर्ध्या माडावरून खाली यावं लागतं. दिवसातून सात-आठदा परसाकडे. रक्त पडतं. मूळव्याध म्हणून गावठी औषध चालू आहे.” गुडघ्यासाठी फार्मसीतून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणत होता, ते वेगळंच.

मी पँट वर करायला लावली. नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी होत्या. त्याला वाटलं होतं, किडा चावला.

गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. जंतू नाहीत, युरिक ॲसिडचे स्फटिक नाहीत. आर.ए. फॅक्टर ही संधिवाताची रक्तचाचणीही निगेटिव्ह. इथे ‘वात आहे’ म्हणून गोळ्या लिहून देणं सोपं असतं. पण क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या आजारांत सांधे धरणं मुळीच दुर्मीळ नाही. मोठे, मोजके सांधे सुजले तर ते बहुधा आतड्याच्या तालावर चढतात-उतरतात. बोटांचे बारीक सांधे किंवा कंबर धरली तर त्यांचं स्वतंत्र चालतं. पोट शांत असतानाही पहाटे कंबर आखडते आणि हिंडल्याफिरल्यावर सुटते. त्याची कंबर ठीक होती.

वेदनाशामक गोळ्या बंद केल्या, कारण त्यांनी आतडं आणखी भडकू शकतं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. आपल्याकडे आतड्याचा क्षयही डोक्यात ठेवावा लागतो, म्हणून तुकडाही तपासला. निदान आलं अल्सरेटिव्ह कोलायटिस.

पोटाच्या डॉक्टरांनी थोडे दिवस स्टिरॉइड आणि सोबत सल्फासॅलाझिन दिलं. गंमत अशी की स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्त्स यांनी हे औषध मुळात संधिवातासाठी म्हणून पुढे आणलं आणि नाव झालं ते आतड्यावर. लघवी नारिंगी झाली म्हणून त्याचा घाबरून फोन आला. औषधाचाच रंग तो, काळजी नको, असं सांगितलं.

गुडघा उतरला. पुढच्या खेपेला तो कुणाचा आधार न घेता चालत आला आणि खुशीत म्हणाला, “गुडघा बरा झाला, गोळ्या सोडल्या.” त्याच्या लेखी आजार गुडघ्याचाच होता. मी बायकोला आत बोलावलं आणि दोघांना समोर बसवून आतड्याचं चित्र काढायला घेतलं.