थांबायचे ५० आणि धावायचे ९५०

दहा दिवस झाले तरी हे प्रकरण डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय. चूक माझी होती हे आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत कोणी वाट बघायला नको. पण चूक नेमकी कुठे झाली हे मला अजून दर वेळी थोडं वेगळं दिसतं.

आमचं सॉफ्टवेअर ज्या यंत्रावर चालतं ते धातूचे भाग थकवून तोडतं. फटीग टेस्टिंग. पकडीत भाग लावायचा, मग हायड्रॉलिक सिलिंडर त्याला सेकंदाला ५ वेळा ओढतो-दाबतो, सहा दिवस सलग, म्हणजे २५ लाखांच्या वर आवर्तनं. व्हॉल्व्हचं अगदी आतलं नियंत्रण वेगळ्या कार्डावर आहे, आमचं जावा दर ५ मिलिसेकंदांनी त्या कार्डाला पुढचा आकडा देतं आणि सेन्सरचे आकडे घेतं. कार्डाला ५०० मिलिसेकंद काहीच आलं नाही तर ते दाब सोडून देतं आणि यंत्र थांबवतं. ही सोय पूर्णपणे हार्डवेअरची, तिथे आमच्या सॉफ्टवेअरचं काही चालत नाही, आणि तेच बरंय.

जावाच का, असं प्रत्येक जण विचारतो. कारण बाकीचं सगळं प्रॉडक्ट जावात आहे आणि लिहिणारे लोकही जावाचेच. आधीची आवृत्ती आरटीएसजेवाल्या (म्हणजे जावाचे रिअल-टाइमचे नियम पाळणाऱ्या) जेव्हीएमवर, म्हणजे जावा चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, होती (जेएसआर १, २००२ साली पक्कं झालेलं, म्हणजे जावात भर घालायचे प्रस्ताव जिथे पक्के होतात त्या प्रक्रियेतला अगदी पहिला नंबर). त्यात रिअल-टाइम थ्रेडला (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधलं स्वतंत्र चालणारं एक काम) किमान २८ प्राधान्य पातळ्या, प्रायॉरिटी इनव्हर्जन झालं, म्हणजे खालच्या थ्रेडमुळे वरचा अडकला, तर सांभाळून घ्यायची सोय, हीपला (जावाच्या सामाईक मेमरीला) हातच न लावणारे थ्रेड, सगळं होतं. मग लायसन्सचा खर्च वरच्या कोणाच्या तरी डोळ्यावर आला आणि आम्ही साध्या ओपनजेडीके १७ वर आलो, झेडजीसी लावून (जीसी म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप साफ करणारा जावाचा भाग, झेडजीसी त्यातला कमी थांबवणारा), खाली रिअल-टाइमचा आरटी पॅच लावलेलं लिनक्सचं ५.१५ कर्नल.

इथे बाहेरच्या माणसाला न सुचणारी गोष्ट म्हणजे लिनक्सवर साध्या जावात सेटप्रायॉरिटीला (थ्रेडचं प्राधान्य ठरवणाऱ्या कॉलला) १० दिलं तरी मुळात काहीच होत नाही. जेव्हीएम ऐकून घेतं आणि सोडून देतं. खरं प्राधान्य हवं असेल तर बाहेरून द्यावं लागतं, जेस्टॅकमधून, म्हणजे कोणता जावा थ्रेड काय करतोय ते छापणाऱ्या साधनातून, थ्रेडचा आयडी काढायचा (तो हेक्समध्ये येतो आणि लिनक्सची यादी देणारी पीएस कमांड दशमानात दाखवते, कितीदा चुकलोय मी यात), मग सीएचआरटी या कमांडने त्याला शेड-फिफो ही रिअल-टाइम रांग, प्राधान्य ८०. आणि फिफो म्हणजे खरंच फिफो. तो थ्रेड स्वतःहून झोपेपर्यंत त्या कोअरवर त्याच्यापेक्षा खालच्या कोणाचाही नंबर लागत नाही. आमचा कंट्रोल थ्रेड ५ मिलिसेकंदांतले ०.४ काम करतो आणि झोपतो. ८ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, मी नाही ठेवला.

तर त्रास असा की महिनाभर रिग, म्हणजे ते टेस्टचं यंत्र, अधूनमधून ट्रिप व्हायला (आपोआप थांबायला) लागली. कधी तीन दिवस काही नाही, कधी एका रात्रीत दोनदा. सॉफ्टवेअर एक-दीड सेकंद गप्प, कार्ड दाब सोडतं, सॉफ्टवेअर परत उठतं, ऑपरेटर काका रीसेट मारून टेस्ट पुढे चालू करतात आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहितात. त्यांचं ते रजिस्टर आमच्या डॅशबोर्डपेक्षा कितीतरी उपयोगी निघालं, कारण डॅशबोर्ड बनवणाऱ्या भल्या माणसाने थांब्यांची सरासरी दाखवली होती, १.४ सेकंद. सरासरी! या कामात सरासरीचं लोणचं घालायचं का?

मीटिंगमध्ये सगळ्यांनी एकमुखाने जीसीवर बोट ठेवलं. जावा हा शब्द आला की ज्याला काही माहीत नाही तोही जीसी म्हणतो. मी लॉग दाखवले, झेडजीसीचे थांबे सगळे १ मिलिसेकंदाच्या आत. त्या लॉगमध्ये प्रत्येक ट्रिपच्या वेळी एक सेकंदाचं भोक होतं, एकही ओळ नाही, पण नसलेली ओळ कोणाला दिसते? मलाही नाही दिसली. सायक्लिकटेस्ट (थ्रेडला उठवायला कर्नल किती उशीर करतं ते मोजणारी) रात्रभर चालवली, कमाल उशीर ४१ मायक्रोसेकंद, कर्नल एकदम स्वच्छ.

मग मी काकांच्या रजिस्टरवरून आणि कार्डाच्या नोंदींवरून सगळे थांबे एका खाली एक लावले, लहान ते मोठा. सगळ्यात छोटा ०.९५ सेकंद. बहुतेक सगळे ०.९५ ते १.९ च्या मध्ये. खाली एकही नाही. ज्याने लिनक्सवर रिअल-टाइम काम केलंय त्याला हा आकडा बघून काय वाटतं ते सांगायला नको. कर्नलमध्ये एक मर्यादा असते, शेड-आरटी-रनटाइम, मुळातच ९,५०,००० मायक्रोसेकंद, दर १० लाखांमागे. म्हणजे रिअल-टाइम थ्रेडांनी सेकंदातले जास्तीत जास्त ९५० मिलिसेकंद खायचे, उरलेले ५० बाकीच्या गरिबांना. मी कर्नलचा लॉग उघडला आणि तिथे ओळ होती, आरटी थ्रॉटलिंग अ‍ॅक्टिव्हेटेड, म्हणजे ही मर्यादा लागली, अकरा दिवसांपूर्वीची. हा संदेश मशीन सुरू झाल्यापासून एकदाच छापला जातो, त्यामुळे नंतरच्या ट्रिपांशी तो जुळत नव्हता आणि कोणी लक्ष दिलं नव्हतं. पण मशीन शेवटचं सुरू केल्यानंतरच्या पहिल्या ट्रिपशी जुळत होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू. महिनाभर सगळ्यांना न सापडलेलं मला सापडलं होतं.

दुसऱ्या दिवशी साइटवर गेलो, सगळ्यांसमोर ती मर्यादा उणे एक केली, म्हणजे थ्रॉटलिंग बंद. ट्यूनिंगच्या अर्ध्या गाइडांमध्ये हेच लिहिलेलं असतं, रिअल-टाइम मशीन आहे ना, मग करा उणे एक. मी काकांना म्हटलं, आता नाही थांबणार. चालू टेस्ट होती, चौथा दिवस.

दुपारी तीनच्या सुमारास रिग ट्रिप झाली आणि सॉफ्टवेअर परत उठलंच नाही. स्क्रीनवरचे आकडे गोठलेले. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी पडून उठायचं तरी."

एसएसएच चालत होतं, चार कोअर आहेत, बाकीचे मोकळे होते. टॉप लावलं, कंट्रोल थ्रेड १०० टक्के, कोअर २ वर. जेस्टॅक लावलं तर तेच अडकून बसलं. किल-३ (जेव्हीएमला थ्रेडची हकीगत छापायला सांगणारा सिग्नल) दिला, काही छापलं नाही. थोड्या वेळाने कर्नलच्या लॉगमध्ये अमुक टास्क १२० सेकंदांच्या वर अडकलाय असले संदेश यायला लागले. मग मी पीएसला थ्रेडनिहाय यादी मागितली, पीएसआर हा कॉलमही घेतला, म्हणजे कोणता थ्रेड कोणत्या कोअरवर ते. साठेक ओळी आल्या. जीसीचे थ्रेड, जिटचे थ्रेड, लॉगर, सिग्नल डिस्पॅचर, सगळ्यांसमोर २. २, २, २, २. कोअर ३ वर जेव्हीएमचं एक चिटपाखरू नाही.

ही सेटिंग आमच्याच सिस्टिमवाल्याची, पण खोट त्याला देत नाही, मीही ती वाचून बरी म्हटलेली. आयसोलसीपीयूज या कर्नलच्या सेटिंगने कोअर २ आणि ३ बाजूला काढलेले आणि टास्कसेट या कमांडने जेव्हीएमला ते दोन दिलेले. कागदावर दोन कोअर. जेव्हीएमलाही दोनच मोजून मिळतात आणि ते त्या हिशेबाने जीसीचे थ्रेड बनवतं. पण आयसोलसीपीयूजने काढलेल्या कोअरांमध्ये शेड्यूलर (कोणाला कोणता कोअर ते ठरवणारा कर्नलचा भाग) साधे थ्रेड वाटून देत नाही, जो जिथे जन्मला तिथेच पडून राहतो. म्हणजे सगळा संसार एका खोलीत आणि शेजारची खोली कुलूप न लावता रिकामी. आणि माझी ती सुंदर सायक्लिकटेस्ट? ती मी कोअर ३ वर चालवली होती, २ 'बिझी असेल' म्हणून.

किल-९ मारायला, म्हणजे सगळा प्रोग्रॅमच सरळ मारून टाकायला, हात गेला होता, पण थांबलो, कारण मेमरीतल्या न लिहिलेल्या नोंदी गेल्या असत्या. त्याऐवजी सीएचआरटीने कंट्रोल थ्रेडचं फिफो काढून त्याला साधा थ्रेड केला. एंटर मारला आणि एका झटक्यात सगळं जिवंत झालं, लॉग धावला, आणि मघापासून अडकलेल्या जेस्टॅकने आपलं सगळं पुराण स्क्रीनवर ओतलं. अर्थात त्यात कंट्रोल थ्रेड निवांत झोपलेला होता, गुन्हा करून घरी गेलेला.

गुन्हा असा. कंट्रोल थ्रेड प्रत्येक फेरीची नोंद एका रिंग बफरमध्ये टाकतो, १०२४ जागा, म्हणजे ५ सेकंदांचा माल. लॉगर थ्रेड तो डिस्कवर लिहितो आणि फोर्स करतो, म्हणजे डिस्कवर खरंच पोचेपर्यंत थांबतो. बफर भरला तर त्यात जागा मोकळी होईपर्यंत कंट्रोल थ्रेड न झोपता ऑनस्पिनवेटच्या लूपमध्ये फिरत राहतो. दोघे वेगवेगळ्या कोअरवर असतील तर यात काही वावगं नाही, क्षणभर फिरेल, जागा मोकळी होईल, पुढे जाईल. पण महिन्याभरापूर्वी कोणीतरी त्याच डिस्कवर जुन्या टेस्टच्या फायली झिप करायचा जॉब लावला, लॉगरचा एखादा फोर्स ५ सेकंदांच्या वर जायला लागला, बफर भरला, आणि फिफो ८० वाला थ्रेड ज्या लॉगरची वाट बघत होता त्यालाच कोअरवर येऊ देत नव्हता. ९५० मिलिसेकंद भरले की कर्नल त्याला बखोटीला धरून बाजूला करायचं, लॉगरला ५० मिलिसेकंद मिळायचे, तेवढ्यात बफर रिकामा, गाडी परत चालू. फिरकी मोजणीच्या सेकंदात मध्येच सुरू झाली तर त्या सेकंदातला उरलेला वेळ आणि वर पुढचे ९५०, म्हणून आकडे १.९ पर्यंत.

म्हणजे आकडा मी बरोबर ओळखला होता, फक्त उलट्या बाजूने वाचला. थ्रॉटलिंगमुळे थांबलं असतं तर थांबा ५० मिलिसेकंदांचा असता, आणि ५० ला कार्ड ट्रिपही होत नाही, त्याला ५०० लागतात. ९५० हा तर थ्रेडला धावायला मिळणारा वेळ. आणि ८ टक्के खाणाऱ्या थ्रेडला ९५ टक्क्यांची मर्यादा लागेलच कशी? कर्नलचा तो संदेशही थांब्याच्या शेवटी आलेला होता, सुरुवातीला नाही, मी मिनिट जुळवलं आणि सेकंद बघितलाच नाही. तीन गोष्टी, तिन्ही माझ्यासमोर.

ऑफिसात येऊन टेस्ट मशीनवर लॉगरमध्ये मुद्दाम ६ सेकंदांची झोप टाकली, पहिल्याच फेरीत तसंच गोठलं. मग दुरुस्ती फार नव्हती. मर्यादा परत ९,५०,००० वर, जेव्हीएम कोअर ० आणि १ वर, कोअर २ फक्त कंट्रोल थ्रेडला, आणि बफर भरला तर फिरायचं नाही, नोंद टाकून द्यायची आणि काउंटर एकने वाढवायचा. गंमत म्हणजे जुन्या आरटीएसजेमध्ये यासाठी तयार क्लास होता, वेटफ्रीराइटक्यू, जागा नसेल तर राइट सरळ फॉल्स (म्हणजे 'नाही लिहिलं') देऊन मोकळं. जुन्या कोडमध्ये तो वापरलेलाही होता. ओपनजेडीकेवर येताना तो गेला आणि त्या जागी आमचा लूप आला.

का आला तेही शोधलं. क्वालिटीवाल्यांची लेखी अट आहे की टेस्टमधली एकही नोंद हरवता कामा नये. फॉल्सचं काय करायचं हे कोणाला ठरवता येईना, म्हणून लूप.

परवा रात्री काउंटर ३६ वर गेला. ५ मिलिसेकंदांच्या हिशेबाने ०.१८ सेकंद. रिग चालू राहिली, काकांच्या रजिस्टरमध्ये काहीच नाही. सकाळी क्वालिटीचा मेल आला, रिपोर्टमध्ये ३६ नोंदींचं भोक का आहे, आणि ते भरल्याशिवाय सही होणार नाही. उत्तर अजून लिहितोय. तोपर्यंत सिस्टिमवाला दोनदा विचारून गेलाय, रिअल-टाइम मशीन आहे तर उणे एक का काढलं.