जलतरंग वाजवणारे सॉफ्टवेअर शोधताना : माझा अनुभव

बासरी, व्हायोलिन, शहनाई आणि जलतरंग यांच्यासाठी स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) लिहिलेली रचना संगणकावर ऐकायची होती. त्यासाठी मी म्यूझस्कोर ४ हे मोफत मिळणारे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर निवडले. शहनाईची सोय लगेच झाली. संगणकी वाद्यध्वनींची यादी ठरवणाऱ्या १९९१ च्या जनरल मिडी मानकातील १२८ ध्वनींत ती ११२ व्या क्रमांकावर आहे, फक्त तिच्यात मींडेचा जीव नाही. जलतरंग मात्र त्या यादीतच नाही.

म्हणून एका विक्रेत्याकडून जलतरंगाचा ध्वनिसंच, म्हणजे त्याच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा संच, विकत घेतला. 'कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतो', असे त्याच्या जाहिरातीत होते. प्रत्यक्षात तो एका ठरावीक प्लेअरमध्येच (ध्वनिसंच वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच) उघडत असे, आणि त्या प्लेअरची मोफत आवृत्ती पंधरा मिनिटांनी गप्प होत असे. पूर्ण आवृत्तीची किंमत ध्वनिसंचाच्या कितीतरी पट होती. तक्रार केल्यावर बऱ्याच दिवसांनी 'संगणक बंद करून पुन्हा सुरू करा' एवढेच उत्तर आले. पैसे परत मागितले, तेव्हा उतरवून घेतलेल्या (डाउनलोड केलेल्या) मालाचे पैसे परत मिळत नाहीत असा नियम दाखवण्यात आला. उतरवून घेतल्याशिवाय जी अट कळूच शकत नाही, तिच्यासाठी ग्राहकाने भुर्दंड सोसावा, हे मला आजही मान्य नाही. विकत घेण्यापूर्वी 'हा संच कोणत्या प्लेअरच्या कोणत्या आवृत्तीत चालतो?' हे विक्रेत्याला लेखी विचारावे. ध्वनिसंचांचे फाइल-प्रकार वेगवेगळे असतात: म्यूझस्कोर ४ एसएफ२ व एसएफ३ प्रकारचे साउंडफाँट (ध्वनिसंचाच्या फाइल) आणि व्हीएसटी३ वाद्ये (जोडून वापरायची वाद्य-सॉफ्टवेअर) स्वीकारते, एसएफझेड प्रकारचे संच नाही.

शेवटी एका वादक स्नेह्यांच्या जलतरंगाचे एकेक भांडे ध्वनिमुद्रित केले आणि पॉलिफोन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये साउंडफाँट तयार केला. आघातानंतर नाद आपोआप विरत असल्याने लूप (स्वर लांबवण्यासाठी पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) जोडण्याची कटकट नव्हती. शहनाईसारख्या लांबणाऱ्या स्वराला ती चुकत नाही. प्रत्येक नमुन्याचा (ध्वनिमुद्रित नादाचा) मूळ स्वर अचूक नोंदवावा आणि तो दोन-तीन अर्धस्वरांपलीकडे ताणू नये, कारण स्वर वर नेला की नाद आखूड होतो आणि काठीचा आघातही पातळ ऐकू येतो. म्यूझस्कोरच्या मिक्सरमध्ये (प्रत्येक वाद्याचा ध्वनी निवडण्याच्या पटलात) तो साउंडफाँट निवडल्यावर जलतरंगाची ओळ खणखणीत वाजली आणि मला मनापासून अभिमान वाटला.

आणखी एक आठवले: रचना म्युझिकएक्सएमएलमधून (स्वरलेखनाची देवाणघेवाण करण्याच्या फाइल-प्रकारातून) दुसऱ्याला पाठवली तर स्वरलेखन जाते, ध्वनी जात नाहीत; साउंडफाँटची फाइल वेगळी जोडावी लागते.